‘एक करदाता’ यांना उत्तर (जरा लांबलंय)

‘एक करदाता’ यांस,

हिमोग्लोबिनवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “ताई, रागावू नका, पण माक्स पेरुट्झ एकाच प्रथिनाला 22 वर्षं चिकटून बसले, कारण पगार चालू होता. दुसरं काय!” पुढे आणखीही मुद्दे आहेत आपले, पण मी त्या ‘दुसरं काय’वरच अडकले. मतभेदाला माझी ना नाही. पण आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात ओट्यावर बसणारे रिकामटेकडेसुद्धा कुणाच्या उभ्या आयुष्याची अशी दोन शब्दांत वासलात लावत नाहीत.

आधी पगाराचं बघू. हिमोग्लोबिन या प्रथिनाची रचना उलगडणारे हे पेरुट्झ 1936 साली व्हिएन्नाहून केंब्रिजला आले ते विद्यार्थी म्हणून, वडिलांच्या पैशावर. 1938 मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला, घरचे निर्वासित झाले आणि पैसा आटला. 1940 मध्ये इंग्रज सरकारनं शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून त्यांनाच धरलं आणि कॅनडात नेऊन डांबलं. याला आपण पगार चालू म्हणता?

आणि 1937 पासून 22 वर्षं का लागली, तेही लेखात होतं. वाचलं असतंत तर. स्फटिकातून क्ष-किरण गेले की फिल्मवर ठिपके उमटतात. ठिपका किती गडद ते मोजता येतं, पण लाटेची कला (फेज), म्हणजे ती चढावर होती की उतारावर, हे फिल्मवर उमटतच नाही, आणि तिच्यावाचून कुठला अणू कुठे, ते कळत नाही. हजारो अणूंच्या रेणूत हे कोडं तोवर कुणालाच सुटलेलं नव्हतं. 1953 साली पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनमधल्या गंधकाला पाऱ्याचे अणू जोडले. पारा जड, त्यामुळे ठिपक्यांचा गडदपणा बदलला आणि त्या बदलावरून कलेचा माग काढता आला. तरी रचना हाती यायला 1959 उजाडलं. ऑक्सिजन धरताना लोहाचा अणू हीमच्या, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या चपट्या चकतीच्या, पातळीत सरकतो, आणि त्या ओढीनं रेणूच्या उरलेल्या भागांनाही ऑक्सिजन घेणं सोपं जातं, हे त्यांनी मांडलं 1970 मध्ये. नोबेल मिळाल्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. नुसतं चिकटून बसणारा माणूस एव्हाना उठला असता.

मी हे नुसतं पुस्तकातून उचलून सांगत नाहीये. माझी पीएच.डी. हीमवरच झाली, इथे वडोदऱ्यातच. खाटकाकडून बकऱ्याचं रक्त आणायचं, गोठू नये म्हणून बाटलीत आधीच सोडियम सायट्रेट घालून न्यायचं. सासूबाईंनी ती बाटली घरच्या फ्रिजमध्ये ठेवू दिली नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. लॅबमधला फ्रिज वीज गेली की बंद. सकाळी पाहावं तर लालभडक द्रावण चॉकलेटी झालेलं! लोहाचा धनभार दोनवरून तीनवर गेलेला, आता ते ऑक्सिजन धरणार नाही. ओता बेसिनमध्ये आणि पुन्हा गाठा खाटीक. शिष्यवृत्ती महिनोन्महिने रखडायची. तेव्हा एकाही करदात्यानं येऊन विचारपूस केल्याचं आठवत नाही.

आता बाकीचं. लेख लांबला, मान्य. पाऱ्याचा परिच्छेद दोनदा वाचावा लागतो हे माझी भाचीही म्हणाली. 1949 च्या सुमाराचा पेरुट्झ यांचा हिमोग्लोबिनचा आराखडा, साखळ्या समांतर दांड्यांसारख्या रचलेल्या, सपशेल चुकला, त्यांच्याच गटातल्या क्रिकनं त्याची चिरफाड केली, ते मी का गाळलं? चरित्र लिहीत नव्हते म्हणून. नोबेलमधले त्यांचे वाटेकरी केंड्रू यांना जागा कमी दिली, वगैरे वगैरे, ते पुन्हा कधीतरी. “सामान्य माणसाला काय मिळालं?” असंही आपण विचारलंत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनच्या साखळीत एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, हे इन्ग्रम यांनी 1956-57 मध्ये पेरुट्झ यांच्याच गटात काम करताना दाखवलं. छोटा उदेपूरकडे सिकलसेलचे पेशंट आहेत. एकदा जाऊन त्यांना भेटा आणि हा प्रश्न तिथे विचारा.

आणि हो, ‘ताई, रागावू नका’ म्हणून टोमणा मारायचा असेल तर खरं नाव लिहून मारा. टोपणनावाच्या भावाला मी ओवाळत नसते.

पुढचा लेख यूरीएजवर, म्हणजे युरिया फोडणाऱ्या एन्झाइमवर आहे. सम्नर यांनी 1926 मध्ये त्याचे स्फटिक काढले, आणि त्यात निकेल आहे हे कळायला 1975 साल यावं लागलं. म्हणजे 49 वर्षं. प्रतिक्रिया आत्तापासूनच लिहायला घ्या.