मोरीकडे एक अंश

आजोबांची प्रीमियर पद्मिनी आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घराच्या अंगणात बारा वर्षं उभी होती. तिच्या मागच्या सीटवर मांजरीची तीन बाळंतपणं झाली. विकायची नाही, हे आईचं म्हणणं. ठेवायची नाही, हे बायकोचं. मी मधला मार्ग काढला आणि जाहीर केलं की हिची हॉट रॉड करू, म्हणजे जुनी गाडी कापून-जोडून केलेली वेगवान गाडी. त्यानंतर दोघींचं एकमत झालं, ते आजतागायत टिकून आहे.

अमेरिकन माणूस या कामाला 1932 ची फोर्ड शोधतो. इंदुरात आजोबा जे ठेवून गेले त्यावर भागवायचं. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, बॉडीच सगळा भार झेलते. आमच्या बॉडीच्या तळाला गंजाखेरीज काही उरलं नव्हतं. म्हणून खाली चौकोनी पाइपांची चासी केली. ते काम बरं झालं. पाइप सरळ असतो, त्याला मत नसतं. पुढच्या सस्पेन्शनमधल्या प्रत्येक नटाला मत असतं.

एका चाकाला दोन आर्म, म्हणजे चाक चासीला जोडणारे दांडे: वरचा आखूड, खालचा लांब. दोन्ही सारखे केले तर वळणावर गाडी जितकी कलते तितकंच चाकही कलतं. वरचा आखूड असला की दबलेल्या बाजूचं चाक वरून आत खेचलं जातं आणि रस्ता धरून राहतं. हे मी घरात जेवताना दोन चमच्यांनी समजावलं. बायको म्हणाली, "आमटी वाढू का?"

आर्मचे नमुने साडीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर कापले, लोहामंडीतून जाड पाइप आणला आणि वेल्डिंगला बसलो. पहिला आर्म एका बाजूने टोकापासून टोकापर्यंत एका दमात जोडला. काय सुंदर रेघ आली! थंड झाल्यावर पाहतो तर आर्मचं केळं झालेलं. वेल्ड निवताना आकसतो आणि पाइपाला आपल्याकडे ओढून घेतो, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि हात आवरणं वेगळं. आई ओट्यावर गोधडी घेऊन बसली होती. चष्म्यावरून बघत म्हणाली, "आधी टाचून घ्यायचं असतं रे. मग शिवायचं. आणि एकाच बाजूनं नाही." दुसरा आर्म मी चारही बाजूंनी टाचला, आळीपाळीनं थोडाथोडा शिवला. तो सरळ निघाला. हे तिने शेजारी दोन घरी सांगितलं.

स्टिअरिंगला भंगारातून मारुती 800 चा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दात्यांचा दांडा, मिळाला. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, कारण त्याचं वर्तुळ लहान. ही युक्ती म्युनिकच्या एका बग्गी बनवणाऱ्याची, पण लंडनमध्ये तिचं पेटंट रुडॉल्फ आकरमान यांनी घेतलं, 1818 मध्ये. त्याच साली मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदुरात आली. हा योगायोग मी अप्पाकाकांना सांगितला. ते म्हणाले, "मग होळकरांची बग्गी तरी नीट वळली असेल."

रॅक पहिल्यांदा दोन सेंटीमीटर वर बसला होता. पुढून गाडी दाबली की चाकं आपोआप बाहेर बघायची, नको असलेला पाहुणा दारात दिसल्यासारखी. टाय रॉड, म्हणजे रॅकपासून चाकाकडे जाणारा दांडा, आणि आर्म वेगवेगळ्या कमानीत फिरले की असं होतं. रॅक खाली घेतला, चाकं सरळ बघू लागली. मग चासी चार सारख्या उंचीच्या घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवली, चाकं ओळंब्याने केसाचाही फरक न ठेवता उभी केली आणि वरच्या आर्मचे ब्रॅकेट पक्के वेल्ड करून टाकले. त्या रात्री मी सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन एकट्याने तळलेले गराडू खाल्ले.

गाडी छोट्या हत्तीत, म्हणजे टेम्पोत, घालून चाकांच्या अलाइनमेंटला नेली. रस्त्यावर चालवायचा प्रश्नच नव्हता. गाडीच्या मूळ रचनेत बदल करू न देणारं 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा हौशी माणसांसाठीच लिहिलंय. तिथल्या उस्तादांनी पोहे संपवले, जिरावण मसाल्याची बोटं पुसली, यंत्र लावलं, आणि वाकून बराच वेळ पुढून बघत राहिले.

"भिया, दोनों पहिये एक ही तरफ झुके हैं. ड्रायवर की तरफ."

डावं चाक एक अंश आत, उजवं एक अंश बाहेर. मी ओळंब्याची शपथ घेतली. उस्ताद म्हणाले, ओळंबा खोटं बोलत नाही, जमीन बोलते.

घरी येऊन गवंड्याची पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं आणि अंगण मोजलं. सव्वा मीटरला दोन सेंटीमीटर उतार. घोडे सारखे, म्हणून चासी अंगणाबरोबर कललेली. चाकं मात्र ओळंब्याने उभी.

"उतार आहेच," आई म्हणाली. "नाहीतर मोरीकडे पाणी कसं गेलं असतं? तुझ्या आजोबांनी मुद्दाम करून घेतलाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू पाण्याबद्दल कुठे विचारलंस?"

चाकाकडच्या टोकाला वरच्या-खालच्या आर्मच्या दोन बॉल जॉइंटमध्ये पंचवीस सेंटीमीटर अंतर. तिथे एक अंश म्हणजे जवळपास साडेचार मिलिमीटर. बोल्टचं ब्रॅकेट असतं तर पत्र्याच्या दोन चकत्या आणि दहा मिनिटं. पक्क्या वेल्डला ग्राइंडर आणि तीन रविवार लागले. या वेळी मोरीकडच्या घोड्यांखाली लाकडाच्या फळ्या सरकवल्या, चासी नळीने समपातळीत आणली, आणि ब्रॅकेट बोल्टचेच केले.

यंत्राने दोन्हीकडे शून्य दाखवलं. गाडी घरी आणून कडुलिंबाखाली, जुन्या जागी उभी केली. संध्याकाळी अप्पाकाका आले, काठी टेकून बराच वेळ बघत राहिले.

"छान झालीय रे," ते म्हणाले. "जरा मोरीकडे कललीय, एवढंच."