‘दुखत नाही ना? मग चालत राहा’

शुगर असलेल्यांसाठी एक मेसेज सगळीकडे फिरतोय: “पायाची जखम उघडी ठेवा, हवेने सुकते. फेस येणाऱ्या औषधाने धुवा, वर हळद भरा. दुखत नसेल तर चालत राहा, रक्त खेळतं राहतं. घरात पसरू नये म्हणून अँटिबायोटिक चालू ठेवा.”

शेवटून दुसऱ्या सल्ल्यापासून सुरुवात करते, कारण पाय गमावले जातात ते त्यानेच. दुखत नाही, हीच तर खरी भानगड! मधुमेहात तळव्याच्या नसा बधिर होतात. चपलेत खडा राहिला तरी पत्ता लागत नाही, फरशीवर डाग दिसल्यावर कळतं. त्याच जागी पावलागणिक अंगाचा भार पडत राहिला तर नवी कातडी धरणार कशी? वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या बधिर तळव्यांना प्लास्टर घालायचे. भार हलका झाला की वर्षानुवर्षांच्या जखमा भरायच्या. मधुमेही पायाचंही तेच गणित आहे. फक्त आधी पायाला रक्त नीट पोचतंय का, हे डॉक्टरांनी तपासायला हवं.

हवेचं म्हणाल तर 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या जखमांवर पाहिलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने येते. ओलसर म्हणजे चिंब नव्हे. कडा पांढऱ्या, फुगलेल्या दिसल्या तर ड्रेसिंग बदलायला उशीर झालाय. काळं पडून वाळलेलं बोट मात्र कोरडंच ठेवायचं आणि सर्जनला दाखवायचं.

फेस म्हणजे निघालेली घाण नव्हे. हायड्रोजन पेरॉक्साइड स्वच्छ जखमेवरही फेसाळतं, आणि जंतूंबरोबर जखम भरणाऱ्या पेशीही मारतं. सलाइनने, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याने धुवा.

हळद? विळीवर बोट कापलं तर मीही दाबते. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि तिच्या पिवळेपणात पू आणि लाली दोन्ही लपतात.

राहिलं अँटिबायोटिक. जुन्या जखमेवर जंतू असतातच. लाली, सूज, ऊब, पू नसेल तर गोळीने जखम भरत नाही, उलट दाद न देणारे जंतू पोसले जातात. संसर्ग पसरतो तो बहुतेक हातांवरून. ड्रेसिंगच्या आधी साबण आणि नंतरही साबण. काढलेली पट्टी लगेच पिशवीत बांधायची. ताट-अंथरूण वेगळं काढून म्हाताऱ्या माणसाला वाळीत टाकायची गरज नाही.

लाली वर चढत असेल, वास येत असेल किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट बघू नका.