ताकामिने यांना नोबेल मिळाले नव्हते

‘ॲड्रेनालिनच्या शोधासाठी जपानच्या जोकिची ताकामिने यांना नोबेल मिळाले, हा शोध त्यांनी एकट्याने लावला,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. (ॲड्रेनालिन म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात स्रवणारे संप्रेरक.)

ताकामिने यांना नोबेल कधीच मिळाले नाही. जपानला पहिले नोबेल 1949 मध्ये हिदेकी युकावा यांनी मिळवून दिले, तेही भौतिकशास्त्रात. ताकामिने 1922 मध्येच न्यूयॉर्कला वारले होते.

दुसरी चूक मला जास्त लागते. 1900 च्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत जनावरांच्या अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथींच्या अर्कातून ॲड्रेनालिनचे शुद्ध स्फटिक प्रत्यक्ष वेगळे केले ते त्यांचे तरुण सहकारी केइझो उएनाका यांनी. पेटंटवर मात्र नाव एकट्या ताकामिने यांचे. जॉन एबल हे अमेरिकी शास्त्रज्ञही त्याच द्रव्याच्या मागे होते, पण त्यांच्या हाती आले होते ते मूळ द्रव्य नव्हे, त्याचे बेंझॉइल संयुग, म्हणजे रासायनिक बदल झालेले रूप.

म्हणून ताकामिने यांचे मोठेपण कमी होत नाही. तोक्योत उपयोजित रसायनशास्त्र शिकून, पुढे ग्लासगोत अभ्यास करून त्यांनी जपानमध्ये रासायनिक खतांचा कारखाना उभारण्यात पुढाकार घेतला. तांदळाच्या मद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कोजी बुरशीवरून त्यांनी ‘ताकाडायस्टेस’ हे पाचक औषध तयार केले आणि पार्क-डेव्हिस या अमेरिकी औषध कंपनीमार्फत ते बाजारात आणले. 1913 मध्ये ते सांक्यो या जपानी औषध कंपनीचे पहिले अध्यक्ष झाले.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर नोबेलची ओळ काढा आणि उएनाका यांचे नाव घाला.