वर दोऱ्या नसतातच!
व्हिएतनामच्या पाण्यावरच्या बाहुल्यांच्या खेळावरचा लेख आवडला, पण त्यातलं ‘वरून दोऱ्यांनी नाचवलेल्या बाहुल्या’ हे खटकलं. ते आपल्या कळसूत्रीचं झालं. या खेळात सूत्रधार बांबूच्या चिकामागे कंबरभर पाण्यात उभे असतात. लांब काठी आणि दोऱ्या, सगळं पाण्याखालून. पाणी गढूळ असतं ते उगाच नाही! बाहुल्या उंबराच्या जातीतल्या हलक्या लाकडाच्या, वर रोगणाचे थर.

हनोईत थांग लाँग थिएटरात पुढच्याच रांगेत होतो. ड्रॅगनने उडवलेलं पाणी थेट चष्म्यावर. शेवटी ओलेचिंब कलाकार चिकामागून बाहेर आले, तर बायको म्हणते, "अगं बाई, एवढी माणसं होती आत?"

११२१ च्या शिलालेखात या खेळाचं वर्णन आहे, हेही लेखात यायला हवं होतं. गावच्या तळ्यावरचा खेळ मात्र बघायचा राहिला.