स्टेशनरीत ए की ई, डोक्याला ताप नुसता

डोकं फिरलंय आज. दुकानाचा नवीन फ्लेक्स लावून चार दिवस नाही झाले तर समोरच्या बिल्डिंगमधला एक कॉलेजचा पोरगा येऊन दात काढतोय, "काका, तुमचं दुकान जागचं हलत नाही का?" मला आधी कळेचना. मग म्हणे इंग्रजी स्टेशनरीच्या स्पेलिंगमध्ये शेवटच्या आरच्या आधी ई पाहिजे, तुम्ही ए टाकलाय, ए वाली स्टेशनरी म्हणजे एका जागी थांबलेली वस्तू. बरं, सांगून गप्प बसावं ना, नाही, फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर! हसणाऱ्या इमोजींची नुसती जत्रा. 1,800 रुपये मोजलेत हो त्या फ्लेक्सचे. आणि त्याच्यावरच केवढ्या मोठ्या अक्षरात मराठीत "स्टेशनरी" लिहिलंय, अगदी बरोबर, ते एकानेही वाचलं नाही.

रात्री झोप येईना म्हणून डिक्शनरी घेऊन बसलो तर आणखीनच भडकलो. हे दोन्ही शब्द चुलत भाऊ निघाले! पूर्वी युरोपात गावोगाव फिरून माल विकणारे असायचे, आणि युनिव्हर्सिटीजवळ एका जागी पुस्तकांचं दुकान थाटून बसणारे ते स्टेशनर, म्हणजे जागचा न हलणारा. लंडनला 1403 पासून त्यांची संघटना आहे, 1557 मध्ये राजसनद मिळाली तिला. म्हणजे नावच मुळी दुकान हलत नाही म्हणून पडलं आणि हा मलाच विचारतोय हलत नाही का. नाही हलत बाबा, पंधरा वर्षं इथेच बसलोय, पागडी दिलीय!

मी झेरॉक्ससोबत टायपिंगचंही काम करतो त्यामुळे हा छळ रोजचाच. बोनाफाईडचा अर्ज टाइप करायचा, वर प्रिन्सिपल. आता कॉलेजचे प्रिन्सिपल वेगळे आणि तत्त्ववाले प्रिन्सिपल वेगळे, उच्चार मात्र तोच. आम्हाला बाईंनी शिकवलेलं की माणूस असेल तर शेवटी पी ए एल, पॅल म्हणजे मित्र. आम्ही ते पाल असं पाठ केलं, आणि आमचे हेडसर बघता पालच जास्त लक्षात राहिली. कॉम्प्युटर काही लाल रेघ मारत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही शब्द बरोबर. वजन कमी करायचं ते लूज एका ओचं, पँट सैल होते ती लूज दोन ओंची, म्हणजे वजन घटलं की एक ओ वाढतो! कुणाच्या डोक्यातून निघालं हे.

अफेक्ट-इफेक्टचं तर नावच काढू नका. अफेक्ट क्रियापद, इफेक्ट नाम, पाठ केलं, झालं, तर मध्येच कळतं इफेक्टही क्रियापद होतं, घडवून आणणे, आणि मानसशास्त्रवाले अफेक्टला नाम करून बसलेत. लायसन्स घ्या. आरटीओच्या कार्डावर शेवटी सी ई, कारण ब्रिटिश नामाला सी आणि क्रियापदाला एस लावतात, अमेरिकन म्हणतात दोन्हीला एसच चालवा. त्यांचं आपापसात ठरत नाही आणि मार्क आमच्या पोरांचे कापतात.

परवा हायवेवर पेट्रोलच्या टँकरमागे स्कूटर होती माझी, मागे लिहिलेलं हायली इन्फ्लेमेबल. कम्प्लीटला इन लावलं की अपुरं होतं, करेक्टला इन लावलं की चुकीचं होतं, मग फ्लेमेबलला इन लावलं की पेट न घेणारं व्हायला पाहिजे ना? नाही! दोन्हीचा अर्थ एकच, पेट घेणारं. अरे निदान जिथे माणूस जळून मरेल तिथे तरी सरळ बोला.

आणि हो, आपल्यातही दिन आणि दीन आहे, माहितीये मला, "दीन विशेष" छापलेली पत्रिका मीच छापून दिलीय एकदा. पण तेव्हा ग्रुपवर कोणी हसलं नाही हो. मराठी चुकली की "चालतंय की", इंग्रजीचं एक अक्षर चुकलं की माणूस अडाणी.

आता त्या ए वर ई चं स्टिकर मारलंय, रंग जुळत नाही, कालच्या पावसात कोपराही सुटलाय. तो पोरगा पुन्हा फोटो काढायला येणार हे नक्की. येऊ दे, वहीत त्याच्या नावावर 210 रुपये उधारी आहे प्रोजेक्टच्या प्रिंटची, तिचाच फोटो टाकतो ग्रुपवर.