फेचने फॉर्म पाठवला म्हणून टोकन नको? काहून नको?

राजेहो, ‘एजॅक्स फॉर्मला सीएसआरएफ टोकन लागत नाही’ हा मेसेज कोणी सोडला माहीत नाही (एजॅक्स म्हणजे पान न बदलता जावास्क्रिप्टच्या फेच फंक्शनने फॉर्म पाठवणं, आणि सीएसआरएफ टोकन म्हणजे फॉर्म आपल्याच साइटवरून आला हे पटवणारा, सर्व्हरने दिलेला गुप्त कोड), पण तो फिरत फिरत आमच्या भाचीपर्यंत पोचला आणि तिने नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका आडत्यासाठी बनवलेल्या साइटमधली हे टोकन तपासणारी मिडलवेअरची ओळच कमेंट करून, म्हणजे बंद करून टाकली. त्या साइटवर शेतकरी आपला बँक खाते नंबर बदलतो. म्हणून बोलावं लागतंय.

मेसेजचा मेन मुद्दा असा की दुसऱ्या साइटवरून आलेली रिक्वेस्ट कॉर्स हा ब्राउझरचा नियम अडवतो. काय अडवतो बे? उत्तर वाचू देत नाही, एवढंच. कंटेंट टाइप (डेटाचा प्रकार सांगणारा हेडर) युआरएल-एनकोडेड, मल्टिपार्ट नाहीतर टेक्स्ट-प्लेन असलेली पोस्ट रिक्वेस्ट प्रीफ्लाइट, म्हणजे सर्व्हरला आधी परवानगी विचारणं, न होता सरळ सर्व्हरवर जाते, सोबत लॉगिनची कुकी गेली की लॉगिन असलेल्या शेतकऱ्याच्या नावाने जाते, सर्व्हर खाते नंबर बदलून मोकळा होतो, आणि त्यानंतर कन्सोलमध्ये ती लाल ओळ येते जी पाहून आपण खूश! मनीऑर्डरची पावती हातात आली नाही म्हणून पैसे गेलेच नाहीत असं म्हणण्यासारखं आहे हे. आणि हल्लेखोराला फेच लागतंच कुठे? तो आपल्या पानावर लपवलेला फॉर्म ठेवतो, पान उघडताच सबमिट करतो. तुमच्या पानावर तुम्ही फेच वापरता की काय वापरता, याच्याशी त्याला काही घेणं नाही.

‘जेसन (डेटा पाठवायचा एक फॉरमॅट) पाठवतो म्हणून सेफ’ हे अर्धं खरं, मान्य. अ‍ॅप्लिकेशन-जेसनला प्रीफ्लाइट होतं. पण सर्व्हर कंटेंट टाइप न तपासता जे येईल ते पार्स करत असेल तर टेक्स्ट-प्लेन फॉर्ममधूनही जेसन घुसवता येतं.

एचटीटीपीएस आहे, पोस्ट मेथड आहे... याचा इथे काही संबंधच नाही, पुढे चला.

सेमसाइट कुकी? दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत कुकी जाऊ द्यायची की नाही, ही ती सेटिंग. क्रोमने 2020 मध्ये लॅक्स (दुसऱ्या साइटच्या पोस्टसोबत कुकी नाही) डिफॉल्ट केलं, त्याने खरंच बराच फरक पडला. पण फ्रंटएंड एका डोमेनवर, बॅकएंड दुसऱ्यावर, लॉगिन टिकेना म्हणून कुठलंतरी उत्तर कॉपी करून ‘नन’ (कुकी कुठूनही जाऊ दे) कोणी केलं? भाचीनेच. गेलं ते कवच.

आणि हा समज नवा नाही. जँगो हे पायथॉनचं वेब फ्रेमवर्क स्वतः एजॅक्स रिक्वेस्टला सूट द्यायचं, एक्स-रिक्वेस्टेड-विथ हेडर दिसला की टोकन तपासायचंच नाही. ब्राउझर प्लगइन आणि रीडायरेक्ट मिळून तो हेडरही बनावट घालता येतो हे कळल्यावर फेब्रुवारी 2011 मध्ये 1.2.5 आवृत्तीत ही सूट काढून टाकली. फ्रेमवर्कवाल्यांनी तेव्हाच जे सोडलं ते आपण आता फॉरवर्ड करतोय.

करायचं काय तर टोकन सर्व्हरकडून घ्यायचं आणि फेचला गुंडाळणाऱ्या एका रॅपर फंक्शनमधून हेडरमध्ये पाठवायचं, जँगोत एक्स-सीएसआरएफटोकन, लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये एक्स-सीएसआरएफ-टोकन. चार ओळींचं काम. फक्त तो रॅपर आपल्याच बॅकएंडसाठी वापरा, बाहेरच्या एपीआयला जाणाऱ्या रिक्वेस्टलाही जोडलात तर टोकन तुम्हीच वाटत सुटाल.