‘झिक्ले’ म्हणजे हमी नव्हे

‘चित्राची झिक्ले लिहिलेली प्रिंट घ्या, शंभर वर्षं रंग उडत नाही’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो अर्धवट आहे.

झिक्ले म्हणजे इंकजेट प्रिंटच. जॅक डुगान या छपाईकाराने 1991 मध्ये फवारणीच्या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव घडवलं, कारण ‘इंकजेट’ म्हटलं की ऑफिसातला प्रिंटर आठवतो! पण हे नाव कुठल्याही दर्जाचं प्रमाणपत्र नाही. ते कोणीही वापरू शकतं.

टिकाऊपणा ठरतो शाई आणि कागदावर. पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या रंगकणांची) सहसा डाय शाईपेक्षा (विरघळलेल्या रंगाची) बरीच जास्त टिकते. कागद आम्लमुक्त हवा, शक्यतो कापसाचा. विक्रेत्याला एवढंच विचारा; उत्तर टाळलं तर समजून जा.

फ्रेममधला माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, तोही आम्लमुक्त हवा. स्वस्त पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि काही वर्षांत चित्राभोवती तपकिरी कड दिसू लागते. काच प्रिंटला चिकटलेली नको.

राहिला उन्हाचा प्रश्न. साधी काच अतिनील किरण पुरते अडवत नाही. अतिनील-रोधक काच ते बहुतांशी अडवते, पण दिसणाऱ्या प्रकाशानेही रंग उडतातच. त्यामुळे खिडकीसमोरची भिंत टाळलेली बरी.